रंग गाणारी वहिनी

माझी वहिनी रंग गायची. असं म्हटलं की लोक माझ्याकडे, ही बाई आता कविता ऐकवणार, अशा नजरेने बघतात. मी त्यातली नाही. वहिनी खरोखरच रंग गायची आणि त्याचा दर महिन्याला पगार घ्यायची.

आमचा गालिच्यांचा कारखाना. आमचा कसला, मालकाचा; आम्ही आपल्या तिथे बसतो. एका रुंद मागापुढे लाकडी फळीवर आम्ही सहा बायका ओळीने. समोर ताणलेले उभे दोरे, त्यावर लोकरीच्या गाठी मारत जायच्या, एक ओळ भरली की लोखंडी पंज्याने ठोकून बसवायची, की पुढची ओळ. नक्षीचा कागद आमच्यातली एकही जण बघत नाही, कारण कागद बघत बसलं की हात थांबतात. कागद वहिनीच्या मांडीवर असायचा. ती आमच्या पाठीमागे खुर्चीवर बसून कुठल्या रंगाच्या किती गाठी ते सांगायची, आणि सांगायची म्हणजे गायची. "चार लाल, दोन निळे, एक पांढरा…" सहाही जणींच्या वाट्याला तेच फूल, त्यामुळे एकच गाणं सगळ्यांना पुरायचं. तिची ओळ संपली की आम्ही गाठी मारायच्या आणि एका सुरात उत्तर द्यायचं, "बांधलं!" मग पुढची ओळ. सहापैकी एकीला आम्ही गोगलगाय म्हणतो. तिचं "बांधलं" नेहमी सगळ्यांच्या नंतर, एकटंच यायचं. ते आल्याशिवाय वहिनी पुढचा रंग कधीही काढायची नाही.

चाल कुठली, ते कोणालाच माहीत नव्हतं. वहिनीने ती तिच्या मावशीकडून उचलली होती आणि मावशीने देव जाणे कुठून. तीन पायऱ्या चढायच्या आणि शेवटी एक उतरून टेकायचं, एवढीच. पण दुपारी वरच्या खिडक्यांतून ऊन तिरपं होऊन मागावर पडायचं, त्यात लोकरीचा भुगा तरंगत असायचा, पाठीमागून वहिनीचा आवाज चढायचा आणि टेकायचा, चढायचा आणि टेकायचा, आणि कधीतरी माझे हात माझे राहायचे नाहीत. ते आपले आपण गाठी मारत असायचे आणि मी भलतीकडेच. त्या फळीवर बसून मी शाळेमागच्या भिंतीवर जाऊन आले आहे, आईच्या मांडीवर जाऊन आले आहे, एकदा तर कधीच न पाहिलेल्या समुद्रात कमरेपर्यंत उभी राहून आले. परत येऊन बघावं तर वीतभर फुलं उमलून तयार. तोंडाने मात्र "बांधलं" चुकलेलं नसायचं.

हे माझं एकटीचं खूळ नव्हतं. माझ्या डावीकडच्या बाईला दिवस गेले होते तेव्हा ती सांगायची की वहिनी गायला लागली की पोटातलं पोर निजतं आणि थांबली की लाथा मारतं. कोणाचे गुडघे दुखायचे नाहीत, कोणाची पाठ. आमच्यातल्या दोघी एका बादलीवरून भांडून तीन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण दिवसातून चारशे वेळा एका सुरात "बांधलं" म्हणायच्या. मी त्यांना म्हणायचे, बायांनो, याला भांडण म्हणत नाहीत, याला संसार म्हणतात.

आता दादा. माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा, त्याच कारखान्यात मागच्या अंगणात रंगारी. उकळत्या पाण्यात लोकर रंगवायची, पिळायची, वाळत घालायची. त्याचे हात मनगटापर्यंत कधी निळे तर कधी तांबडे, आणि वहिनी सकाळी ते हात बघून ओळखायची की पुढच्या आठवड्यात काय गायचं आहे. शाळेत असताना गाण्याच्या मास्तरांनी दादाला समूहगानातून बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस." तेव्हापासून तो जन्मभर नुसते ओठच हलवत आला. घरात कोणाच्या वाढदिवसाला सगळे गातात तेव्हाही हा भिंतीला टेकून ओठ हलवणार. "मला गाण्यातलं काही कळत नाही," हे वाक्य तो अशा घाईने म्हणतो, जणू कोणी त्याच्यावर आळ घेतलाय.

मी लग्न केलं नाही. त्याची कारणं पाच आहेत आणि ती सांगत बसले तर वहिनी बाजूला राहील. तर मी त्यांच्याच घरी राहते, आणि त्या घरात सकाळपासून एकच शब्द. अहो, टॉवेल. अहो, नळ चालू राहिलाय. अहो, ऐकलंत का. दादाचं उत्तर "हं". मी वहिनीला चिडवायचे, "वहिनी, दिवसाला किती अहो होतात गं, एकदा मोजून बघ." ती म्हणायची, "वन्सं, तू तुझ्या गाठी मोज."

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी ऊन नेहमीसारखंच होतं. वहिनीने ओळ उचलली, "सात लाल, तीन…" आणि थांबली. आम्ही सात लाल बांधून पुढच्या रंगाची वाट बघत बसलो. गोगलगायीला वाटलं, आपण मागे राहिलो म्हणून वहिनी थांबली, तिने घाईने "बांधलं" म्हणून टाकलं. तरी पुढचा रंग येईना. मी मागे वळून बघितलं तर कागद जमिनीवर होता, वहिनीचा उजवा हात खुर्चीवरून खाली लोंबत होता आणि तिचं तोंड एका बाजूला उतरलं होतं. तीन काय, ते तिच्या डोळ्यांत होतं. तोंडातून येत नव्हतं.

दवाखान्यात तीन आठवडे काढून ती घरी आली. हात पन्नास टक्के आला, पाय थोडा ओढत का होईना चालू लागला. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. तिला सगळं समजायचं. विनोद केला की हसायची, रागावलं की तोंड फिरवायची, पण पाणी हवं असेल तर "पाणी" म्हणता यायचं नाही. तोंड उघडायची, आतून काहीतरी ढकलायची, आणि मग ओठ मिटून भिंतीकडे बघायची. डॉक्टरांनी दादाला सांगितलं की पहिल्या काही महिन्यांत शब्द आले तर आले, पुढे अवघड होत जातं. दादा त्या दिवसापासून दिनदर्शिकेकडे बघेनासा झाला. बघायला येणारे लोक वहिनीशी ओरडून बोलायचे, जणू तिचे कान गेलेत. मी एकदोघांना दारातूनच वाटेला लावलं.

घर इतकं गप्प झालं की नळ टपकलेला ऐकू यायचा. "अहो, नळ" म्हणणारं कोणी नव्हतं, तो टपकत राहायचा.

कारखान्यातही काही बरं चाललं नव्हतं. आमच्या मुकादमाने डोकं चालवलं, तो गालिचा तसाच सोडून आम्हाला शेजारच्या मागावर बसवलं आणि दुसऱ्या एका कारखान्यातल्या बाईच्या आवाजात तिथली नक्षी मोबाइलवर भरून आणली. आवाज गोड होता, खोटं कशाला बोलू. पण मोबाइल कोणासाठी थांबत नाही. आमचं "बांधलं" झालं असो नसो, तो पुढचा रंग सांगून मोकळा. गोगलगाय पहिल्याच दिवशी अकरा ओळी मागे पडली आणि रडली. आठवड्याभरात सगळ्यांच्या पाठी दुखायला लागल्या, बादलीवाल्या दोघी पुन्हा तोंडाने भांडायला लागल्या, आणि मी तर चिडून चिडून गाठी अशा आवळायचे की दोरा तुटायचा. माझे हात माझ्याकडेच राहायला लागले होते. आठ तास स्वतःच्या हातांबरोबर बसणं किती कंटाळवाणं असतं ते मला तेव्हा कळलं.

एका सुट्टीच्या दुपारी मी वहिनीला खिडकीशी बसवून तिचे केस विंचरत होते. तिचे केस लांब, आणि मला वेणी घालता येते ती गाठींच्या हिशेबानेच. हात चालायला लागले तसं माझ्याही नकळत तोंड चालायला लागलं. मागावर अडकलेल्या गालिच्याची किनार मी गुणगुणत होते. मी जन्मभर उत्तर देणारी, रंग सांगणारी कधीच नाही. सूर माझा वाटेल तिकडे. "पाच लाल, दोन निळे, दोन पांढरे…" असं काहीतरी.

"एक."

मी थांबले. फणी केसांतच राहिली.

वहिनीची मान ताठ झाली होती. तिच्या डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर आपटली, आणि तिच्या तोंडून, जरा घोगरं पण अगदी सुरात, बाहेर आलं, "पाच लाल… दोन निळे… एक पांढरा…" शेवटी आवाज उतरून टेकला, जसा तो नेहमी टेकायचा.

काय सांगू. नवरा मेला तरी चालेल पण चुकलेली गाठ चालणार नाही, अशी जात आहे ही रंग गाणाऱ्यांची. तिला पाणी मागता येत नव्हतं, पण माझा एक पांढरा जास्त झालेला तिला सहन झाला नाही. मी रडले, आणि रडत रडत तोंडाने म्हणाले, "बांधलं."

दादा मागून धावत आला. तो दारात उभा राहून ऐकत होता. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "बोललीस ना? माझ्याशी बोल. काहीही बोल." वहिनीने तोंड उघडलं. तिच्या गळ्याची शीर ताणली गेली. काहीच आलं नाही. मी घाईने चाल धरली, तिने लगेच रंग गायले, मी थांबले की तीही थांबली.  मग दादा उठला आणि म्हणाला, "रंगांशी बोलते. माझ्याशी नाही."

वाचा परत आणायला शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून दोनदा घरी यायच्या. त्यांना मी हे सांगितलं तर त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, असं होतं. बोलण्याची जागा मेंदूत एका अंगाला, गाण्याची बरीचशी दुसऱ्या अंगाला. एक बिघडली तरी दुसरी कधीकधी शाबूत राहते. मेंदूतलं मला काय कळणार, पण घरातलं कळतं. पुढचं दार फुगून बसलं की आपण मागच्या दाराने येतो-जातो. बाईंनी ठरवलं की जे काय बोलायचं ते त्याच चालीत घालायचं, डाव्या हाताने ताल धरून. "पाणी हवंय मला…" चढायचं, चढायचं, चढायचं, टेकायचं. दहा दिवसांनी वहिनीने गाऊन पाणी मागितलं. मी तांब्याभर घेऊन आले, ती अर्धा पेला प्यायली.

बाई दादाला म्हणाल्या, "तुम्ही तिला गाऊन विचारा. ती गाऊन सांगेल."

"मी? बाई, माझा आवाज ऐकून तिला दुसरा झटका यायचा."

"सूर नको. नुसती चाल."

"मला गाण्यातलं काही कळत नाही," दादा म्हणाला आणि कामावर निघून गेला, तासभर आधीच. मी त्याला वाटेल ते बोलले त्या संध्याकाळी. म्हटलं, तो मास्तर कधीच मेला असेल, तू कोणाला घाबरतोस? तो हात घासत राहिला, नुसता हिरवा रंग, तो घासून कधी जातो का. मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर त्याच्या पाठीकडे बघून माझा जीव तुटत होता. त्याची बायको गाऊन मला बोलवत होती, शेजारणीला बोलवत होती, आणि त्याच्यासमोर तिचं तोंड मिटत होतं. तो समोर आला की ती गाण्याची चाल सोडून नेहमीसारखं बोलायला जायची, आणि नेहमीचं दार तर बंद.

मग मी मुकादमाकडे गेले. म्हटलं, वहिनीला आणून बसवते, एक दिवस बघा. तो म्हणाला, आजारी माणसाला कशाला दगदग. मी म्हटलं, तुमच्या मोबाइलमुळे आम्ही सहाजणी आजारी पडलोय, त्यांचं काय? तो मला वैतागून हो म्हणाला. मला वैतागून लोक बऱ्याच गोष्टींना हो म्हणतात.

वहिनी आमच्या जुन्या मागापाशी खुर्चीवर बसली तेव्हा मागे वळून बघायची आमच्यात कोणाची छाती नव्हती. कागद उलगडल्याचा आवाज आला. मग बोटांचा, लाकडावर. मग, "सात लाल… तीन करडे…"

तीन करडे. चार महिने अडकलेले तीन करडे. आम्ही बांधले. पाच जणींनी "बांधलं" म्हटलं, आणि मग ती शांतता, वहिनीने गोगलगायीसाठी राखून ठेवलेली. गोगलगायीचं "बांधलं" आलं ते हुंदक्यातून. वहिनीने पुढचा रंग उचलला. माझ्या डावीकडचीने तिचं पोर आता घरी सासूकडे ठेवलं होतं, तरी सवयीने पोटावर हात ठेवला. ऊन तिरपं झालं. लोकरीचा भुगा तरंगायला लागला. मी गेले, कुठे गेले ते आठवत नाही, पण बऱ्याच दिवसांनी गेले.

त्यानंतर वहिनी रोज येऊ लागली, आणि दादा रोज दुपारी लोकरीचे गुंडे पोचवायला आमच्या दाराशी यायचा. आधी हे काम हमाल करायचा. दादा गुंडे ठेवायचा आणि उंबऱ्याबाहेर उन्हात उभा राहायचा. त्याला वाटायचं की कोणाला दिसत नाही. सहा बायकांना दिसत नाही असं काही जगात असतं का? पण कोणी काही बोललं नाही. तो ऐकायचा, आणि त्याचे ओठ हलायचे.

गालिच्याची शेवटची किनार उरली होती. आम्ही सगळ्या त्या दुपारच्या गुंगीत होतो, हात पुढे, मन मागे कुठेतरी. वहिनी गात होती.

"चार लाल… दोन निळे… एक पांढरा…"

"बांधलं!"

"तीन निळे… दोन करडे… एक लाल…"

"बांधलं!"

"अहो… उन्हात… नका उभे राहू…"

"बांधलं!" आम्ही सगळ्या म्हणालो. शपथेवर सांगते, सहाच्या सहा जणी, एका सुरात. गोगलगायसुद्धा त्या दिवशी वेळेवर. आणि हातांनी खरंच बांधलं. जिच्या हाताला जो रंग लागला तो तिने बांधला.

मग कोणीतरी म्हणालं, "अगं बाई." फळीवर सगळ्या थिजल्या. मी मागे वळले. वहिनी कागदाकडे बघत नव्हती. ती दाराकडे बघत होती, डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर टेकलेली, आणि तिचा चेहरा असा, जसा ओळ संपल्यावर असतो. ती वाट बघत होती. उत्तर आल्याशिवाय पुढची ओळ काढायची नाही, ही तिची रीत.

दादा उंबऱ्यावर उभा होता. त्या आठवड्यात त्याचे हात निळे होते. ते त्याने कशाला कोण जाणे, शर्टाला पुसले. त्याचे ओठ हलले. एकदा, दोनदा, नुसतेच. वहिनी थांबून राहिली. माझ्या मनात आलं, अरे बोल रे, आता तरी आवाज काढ.

"बांधलं," दादा म्हणाला.

काय तो सूर. मास्तरांचं अगदीच काही चुकलं नव्हतं. पण तो चढला, चढला, आणि शेवटी चक्क टेकला. मग दादा सावलीत आला आणि वहिनीच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. वहिनीने कागदावर नजर वळवली आणि पुढची ओळ काढली.

मुकादमाने संध्याकाळी ती ओळ बघितली. सहा फुलांत सहा रंगांची खिचडी. म्हणाला, उसवा. आम्ही हो म्हणालो आणि त्यावर पुढच्या ओळी ठोकून बसवल्या. गालिचा गेला, कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत पसरला असेल. किनारीत शेवटून थोडं आधी एक ओळ बिघडलेली आहे, आणि त्या घरातले लोक रोज तिच्यावरून चालत असतील.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. बाईंच्या शिकवणीने वहिनी हळूहळू चाल सोडून बोलायला लागली आहे. माझ्याशी सरळ बोलते, शेजारणीशी, भाजीवाल्याशीसुद्धा, शब्द शोधत का होईना. घरात नळ टपकू देत नाही. पण दादाशी मात्र अजून गाते. "अहो… टॉवेल… राहिला तुमचा…" आणि आतून दादाचं बेसूर "बांधलं!" येतं. पाहुण्यांसमोरसुद्धा.

परवा मी तिची वेणी घालताना विचारलं, "वहिनी, आता तुला नीट बोलता येतं. मग दादाशीच का गातेस?"

तिने शब्द शोधले. मग चालीशिवाय, साध्या आवाजात म्हणाली, "त्यांना आवडतं."